दोन दुष्काळ

आमच्या झाडीपट्टीत एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. पाऊस लांबला आणि बांधीतले पऱ्हे वाळले, की देवाची मर्जी. यंदा मोह नीट गळला नाही, देवाची मर्जी. वाघाने बैल नेला, देवाची मर्जी. लहानपणापासून हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला, की त्याचा अर्थ कोणाला विचारावा असे कधी वाटलेच नाही.

मी बारावी झाले तेव्हा मला कॉलेजात घालायचे की नाही, यावर आमच्या घरी पाच-सहा माणसे बसली होती. आमच्या घरातून कॉलेजात त्याआधी कोणीच गेलेले नव्हते. बरेच बोलणे झाल्यावर एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी निकाल दिला, की पोरीच्या जातीला बारावी पुष्कळ झाली, आता पुढचे देवाच्या मर्जीवर सोडा. म्हणजे काय, तर सोडून द्या! त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली. ही मर्जी नक्की कोणाची? देवाची, की पाहुण्यांची? आणि देवाच्या मनात काय आहे हे माणसाने ओळखावे तरी कसे?

या शंकेचा उलगडा मला झाला तो आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका पुठ्ठा सुटलेल्या पुस्तकाने. ते पंडिता रमाबाईंचे चरित्र होते. मी ख्रिस्ती नाही. आमचा देव गावाच्या शिवेवर झाडाखाली बसलेला आहे, आणि त्याला सोडण्याचा माझा विचारही नाही. परंतु देवावर भार टाकून जगणे म्हणजे काय, हे मला ज्या बाईच्या आयुष्यावरून कळले ती ख्रिस्ती होती. तिने आयुष्यात दोन दुष्काळ पाहिले. एकात ती उपाशी मुलगी होती, दुसऱ्यात ती शेकडो उपाशी मुलींची आई झाली. या दोन दुष्काळांच्या मधला जो वीस-बावीस वर्षांचा रस्ता आहे, तोच मला इथे सांगायचा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी जंगलात झाला. हे वाचले आणि मला त्या एकदम आपल्या वाटल्या. पश्चिम घाटात, आजच्या कर्नाटकात, गंगामूळ नावाचे ठिकाण आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. तीर्थयात्रेत असताना गोदावरीकाठी त्यांचे लग्न लक्ष्मीबाईंशी झाले. हीच गोदावरी पुढे आपल्या सिरोंच्याला येऊन प्राणहितेला भेटते. शास्त्रीबोवांनी आपल्या लहान वयाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले. त्या काळी बाईने संस्कृत शिकणे म्हणजे अधर्म समजत. घरच्यांनी व गावाने विरोध केला, तेव्हा त्यांनी गावच सोडले आणि घनदाट रानात घर बांधले. पुढे त्यांना पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले आणि ते निर्दोष ठरले. लोकांचे म्हणणे आणि देवाचे म्हणणे एकच असते असे नाही, हा धडा रमाबाईंना जन्माआधीच मिळाला होता असे म्हटले तरी चालेल.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतील नसतील, तोच ते रानातले घरही सुटले. कुटुंब कायमचे यात्रेला निघाले आणि ही तान्ही मुलगी वेताच्या पेटाऱ्यात बसून निघाली. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक देतील त्या शिध्यावर राहायचे आणि पुढचे गाव गाठायचे, असा त्यांचा नेम होता. रमाबाई कोणत्याच शाळेत गेल्या नाहीत. आई पहाटे उठवून पाठ देई. बारा-पंधरा वर्षांच्या होईपर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना तोंडपाठ झाले होते.

आणि मग पहिला दुष्काळ आला. दक्षिणेत १८७४ च्या सुमारास या कुटुंबाचे हाल सुरू झाले. शास्त्रीबोवांची श्रद्धा अशी, की दानधर्म केला, तीर्थे केली, व्रते केली की देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल. जवळचे होते नव्हते ते दानात व व्रतांत गेले. मग भांडी गेली, कपडे गेले. मोलमजुरी करणे कुळाला शोभत नाही आणि भीक मागायची लाज वाटते, म्हणून अखेर ही पाच माणसे तिरुपतीजवळच्या रानात शिरली. अकरा दिवस ती पाण्यावर, झाडपाल्यावर आणि रानटी खजुराच्या मूठभर फळांवर जगली. शेवटी शास्त्रीबोवांनी तीर्थात उडी घेऊन देह ठेवायचे ठरवले. एकेका लेकराला जवळ घेऊन त्यांनी निरोपही दिला.

हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. रानात अकरा दिवस! आमच्याकडची कोणतीही म्हातारी सांगेल, की रानात माणूस उपाशी मरत नाही. कोणता कंद केव्हा काढायचा, कोणता पाला उकळून खायचा हे तिला ठाऊक असते. पण या विद्वान माणसांना ते ठाऊक नव्हते. अठरा हजार श्लोक पाठ होते, परंतु कंद कसा खणतात हे कोणी शिकवले नव्हते.

त्या वेळी रमाबाईंचे भाऊ श्रीनिवासशास्त्री पुढे झाले. आपण मजुरी करीन, कुळाची लाज बाळगणार नाही, पण कोणी जीव देऊ नये, असे त्यांनी सांगितले. सगळी माणसे रानातून परत फिरली. पण फार उशीर झाला होता. वडील थोड्याच दिवसांत वारले, आईही लवकरच गेली, आणि पुढे मोठी बहीण कृष्णाबाईसुद्धा. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. मसणवट तीन मैल लांब होती. रमाबाई उंचीने कमी, त्यामुळे त्यांचा खांदा तिरडीला पुरेना. त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि तीन मैल चालल्या.

यानंतर भाऊ-बहीण पायी भारतभर फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत आडवी झाली आणि अंगावर वाळू ओढून घेऊन रात्र काढली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण सन्मानाच्या या दिवसांतच त्यांचे मन आतून पोखरत होते. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिले. धर्मशास्त्रेही त्यांनी स्वतः वाचली. स्त्रीला आणि शूद्राला आपल्या बळावर मोक्ष नाही, हे ठिकठिकाणी वाचून त्या खिन्न झाल्या. आईवडिलांनी ज्या देवासाठी सर्वस्व दिले, त्या देवाच्या मनात आपल्याला जागाच नाही काय, असा प्रश्न त्यांना पडला.

१८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. पती ब्राह्मण नव्हते, म्हणून फार गहजब झाला. आसामात सिल्चरला त्यांचा संसार सुरू झाला. तेथेच पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, माहेर नाही आणि सासरही नाही!

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या पैशांतून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहून गेले. वाँटेज येथे त्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहत होत्या. जोगिणींनी त्यांना लंडनमधले आपले एक सेवाघर दाखवले. वाईट मार्गाला लागलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तेथे जोगिणी मायेने सांभाळत होत्या. असे कोणी कशासाठी करते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. लोकांनी तुच्छ मानलेल्या त्या बाईशी येशू विहिरीवर बसून बोलला होता. रमाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तेथे होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे महाराष्ट्र त्यांच्यावर रागावला, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्या नव्या धर्मातले वडीलधारेही त्यांच्यावर नाराज होते, हे मला ठाऊक नव्हते. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना हे पटले नाही, आणि त्यांनी ते स्पष्ट कळवले. कोणती शिकवण मानायची आणि कोणती नाही, याबद्दल त्या मठातल्या गुरुमातेशी पत्रांतून कडकडीत वाद घालत. एका भटांच्या ताब्यातून सुटून दुसऱ्या भटांच्या ताब्यात जायला त्या आलेल्या नव्हत्या. देवाची आज्ञा पाळायची तर ती आपण स्वतः वाचून, विचारून, पटवून घेऊन पाळायची, असा त्यांचा बाणा होता. तो त्यांच्या वडिलांचाच बाणा होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या. इंग्रजीत द हाय-कास्ट हिंदू वुमन हे पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. पुढल्या वर्षी सदन पुण्याला आले.

शारदा सदनात प्रत्येकीला आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली त्यांच्याजवळ जाऊन बसू लागल्या. यावरून वर्तमानपत्रांत काहूर उठले. केसरीने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना धक्का बसला, हे खोटे नाही. दुसऱ्या बाजूला, आईसारख्या बाईने आपल्या लेकींपासून देव लपवून ठेवावा ही अपेक्षाही कठीणच होती. या वादाचा निवाडा करण्याइतके माझे वय आणि वाचन नाही. मला एवढेच दिसते, की त्या वर्षी रमाबाईंच्या पाठीशी असलेली मोठी माणसे एकेक करून गेली आणि त्या जवळजवळ एकट्या उरल्या.

परंतु या एकटेपणाआधीच त्यांच्या मनात एक बदल झाला होता. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाल्यावर त्यांना उमगले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही. धर्म डोक्याने पटला होता, भार मात्र अजून आपल्याच डोक्यावर होता, आईच्या तिरडीसारखा. तो भार देवावर टाकायचा असतो हे त्यांना तेव्हा कळले. त्याच सुमारास त्यांनी तीन माणसांची चरित्रे वाचली. पहिले जॉर्ज म्यूलर. त्यांनी इंग्लंडात ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुले प्रार्थनेच्या बळावर सांभाळली. दुसरे चीनमध्ये गेलेले हडसन टेलर आणि तिसरे दूरच्या बेटांवर काम करणारे जॉन पेटन. ठरलेला पगार नाही, कोणाची हमी नाही, तरी यांची कामे चालली. असे आपल्या देशात का होऊ नये, हा विचार रमाबाईंच्या मनात घर करून बसला.

तरीही त्या नुसत्या विचार करत बसल्या नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत येणार होती. म्हणून त्यांनी पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळबाग लावली. झाडे फळू लागली की त्या उत्पन्नावर सदन चालेल, असा तो हिशेब होता. प्रार्थना करणाऱ्या बाईने शेतकऱ्यासारखा हिशेब केला होता!

आणि मग दुसरा दुष्काळ आला. १८९६-९७ चे ते वर्ष. मध्यप्रांतात लोक अन्नावाचून मरत असल्याच्या बातम्या पुण्याला पोहोचल्या. मित्रमैत्रिणींनो, हा मध्यप्रांत म्हणजे आपलाच जुना प्रांत. आज आपण ज्यांना चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे म्हणतो तो बहुतेक मुलूख त्या वेळी मध्यप्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला तो पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी. रमाबाई गेल्या त्या नर्मदेकडच्या भागात, आपल्याकडे नव्हे. तरी दुष्काळाच्या त्या वर्णनातले माणूस आपल्याच पणज्या-खापरपणज्यांचे सोबती होते.

बातमी ऐकली तेव्हा रमाबाईंना आपले तिरुपतीचे रान आठवले. पण त्या लगेच उठल्या नाहीत. जवळ पैसा नव्हता. शारदा सदन मोजक्या मुलींचे आणि तेही वरच्या जातींच्या विधवांचे. दुष्काळातल्या मुली कोणत्याही जातीच्या असणार, आजारी असणार, त्यांना ठेवायचे कोठे आणि खाऊ काय घालायचे? आपल्याच्याने हे होणार नाही, असे त्यांचे मन सांगत होते. त्यांनी प्रार्थना केली. प्रार्थनेत त्यांना आकाशवाणी झाली नाही, की स्वप्नात कोणी आले नाही. आठवण मात्र पाठ सोडीना. ज्या देवाने मला त्या रानातून वाचवले, त्याने मला कशासाठी वाचवले, हा प्रश्न त्यांना बसू देईना. अखेर त्या निघाल्या.

तिथे त्यांनी जे पाहिले ते भयंकर होते. हाडांचे सापळे झालेली मुले होती. मदतीच्या कामांवर आणि गरीबखान्यांत तरुण मुलींचा कोणी वाली नव्हता आणि त्यांना पळवून नेणारे दुष्ट लोक टपून होते. रमाबाई या मुलींना घेऊन निघाल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, त्यामुळे अधिकाऱ्यांनी एवढ्या मुली शहरात ठेवू दिल्या नाहीत. आता कोठे न्यायच्या? उत्तर तयार होते, केडगाव! जी जमीन फळांसाठी घेतली होती तिथे गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि लेकरे उतरली. अशा सुमारे तीनशे मुली त्या वर्षी वाचल्या. बाग लावताना रमाबाईंना हे ठाऊक नव्हते. आपण आपल्या समजुतीप्रमाणे पुढचे एक पाऊल टाकावे, त्या पावलाचा उपयोग कशासाठी करायचा ते देव ठरवतो, असे त्यांना या गोष्टीवरून वाटले असणार.

केडगावच्या या वस्तीचे नाव मुक्ती. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी तिकडे माणसे पाठवून आणखी मुली आणल्या आणि मुक्तीत सुमारे एकोणीसशे जीव झाले. एकोणीसशे! आपल्या भागातली दोन-तीन गावे एकत्र केली तरी कधी कधी इतकी माणसे होत नाहीत. यांच्यासाठी कोणाची ठरलेली नेमणूक नव्हती. पैसे टपालाने येत, कधी इंग्लंडहून, कधी अमेरिकेहून, कधी ऑस्ट्रेलियाहून. उद्या किती येतील हे कोणालाच सांगता येत नसे. रमाबाई पहाटे उठून प्रार्थना करीत, आणि उजाडले की कामाला लागत.

मुक्तीत हात जोडून बसलेली एकही मुलगी नव्हती. कोणी मागावर लुगडी विणत, कोणी घाण्यावर तेल काढत, कोणी गाई सांभाळत, शेत करत, शिवत, छपाईची खिळे जुळवत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निराळे होते. लंडनमध्ये पाहिलेले ते सेवाघर रमाबाई विसरल्या नव्हत्या.

पाण्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्या दुष्काळात मुक्तीतल्या दोनच विहिरींना थोडे पाणी उरले होते. एकोणीसशे माणसे, वर शंभरावर गुरे. संध्याकाळी विहिरीचा तळ दिसे, आणि उद्या काय, असा प्रश्न उभा राही. सकाळी पाहावे तर दिवसापुरते पाणी साचलेले असे. रमाबाई याला देवाची कृपा म्हणत. आमच्या गावचा कोणी जाणता माणूस म्हणेल, की रात्रभर झरे पाझरले. दोन्ही खरे असेल. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्या विहिरी कोणीतरी आधी खणल्या होत्या आणि सकाळी कोणीतरी पोहरा घेऊन तिथे जात होते. ज्याने विहीर खणली नाही, त्याच्यासाठी झरा पाझरून काय उपयोग?

रमाबाईंच्या शेवटच्या कामातही हेच दिसते. सामान्य खेडूत बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल असावे, म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ऐकू जवळजवळ येत नव्हते. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या भाषांतर करत होत्या, आणि खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचे काम मुक्तीतल्या बायका करत होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक! तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम पुरे व्हायला दहा दिवस हवेत एवढेच त्यांनी देवाजवळ मागितले आणि तेवढे मिळाले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल पुरे छापून निघाले.

आता मी माझ्या शंकेकडे येते. पहिल्या दुष्काळात शास्त्रीबोवांचा देवावरचा विश्वास काही कमी नव्हता. उलट त्यांनी देवासाठी होते ते सगळे दिले. रमाबाईंनीही दुसऱ्या दुष्काळात देवावरच भरवसा ठेवला. मग फरक कोठे पडला? मला वाटते, तो फरक त्या रानात श्रीनिवासशास्त्री मजुरी करायला उठले त्या क्षणी पडला. कुळाची लाज आणि लोकांचे म्हणणे यांनाच आपण पुष्कळदा देवाची मर्जी समजतो. ती बाजूला केली की खाली हातात घेण्यासारखे एक काम दिसते. रमाबाई देवाला विचारत, आणि विचारून झाले की जवळ असेल ते काम हातात घेत. ते काम कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही याची वाट त्यांनी पाहिली नाही. पुण्याची पाहिली नाही, बिशपांचीही पाहिली नाही.

आमच्या घरच्या बैठकीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पाहुणे बोलत होते तेव्हा माझी आजी दाराआड बसून ऐकत होती. तिला अक्षरओळख नाही. देवाची मर्जी हा शब्द आमच्या घरात सर्वांत जास्त तीच वापरते. त्या रात्री ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साठवून ठेवलेले वाळलेले मोह टोपलीत भरले, डोक्यावर घेतले आणि बाजाराला गेली. संध्याकाळी तिने पदराची गाठ सोडून पैसे बाबांच्या हातावर ठेवले. प्रवेशाची फी त्यातून भरली गेली. देवाची मर्जी होती, असे ती आजही म्हणते.

रमाबाईंचे चरित्र मी तिला रोज थोडे थोडे वाचून दाखवले. तिरडीचा प्रसंग आला तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा ती हसली आणि आमच्या वावराच्या धुऱ्यालगतची बोडी यंदा उन्हाळ्यात खोल करायला पाहिजे, असे म्हणाली. उन्हाळ्यात परीक्षा संपली की त्या कामाला मीही जाणार आहे.